रोवणीनंतर करू

माय, परवाच आफ्रिकेतून परत आले. आमच्या नागपूरच्या दवाखान्यातली मंडळी देणग्या गोळा करून दर हिवाळ्यात तिकडच्या एका डोंगराळ मुलखात मोतीबिंदू काढायला जातात, आणि नर्स म्हणून मीही जाते. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "तिकडं भात भेटते का?" भेटतो, पण क्वचित. मक्याचं घट्ट पीठ खाऊन आठ दिवसांत तुझ्या हातच्या लाखोळीच्या वरणाची फार आठवण आली. प्रत्येक वेळी परतले की तुला एक गोष्ट सांगायची ठरवते आणि राहून जाते.

यंदा तिथे तुझ्या वयाची एक बाई आली. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पांढरा झालेला. तपासणी झाली, सगळं ठरलं, आणि ऐन वेळी ती उठून चालू लागली. दुभाष्याचं काम करणाऱ्या शिक्षिकेनं सांगितलं, पेरणी तोंडावर आहे, ती म्हणते कापणी झाल्यावर येईन. कापणीपर्यंत आम्ही थोडेच थांबणार होतो? मी तिच्या वाटेत उभी राहिले आणि तोंडातून आपली बोली निघाली, "कायले जाऊन राहिली वो बाई? हा डोया गेला तं मंग काय करशीन? बस इथंच." शिक्षिका माझ्याकडे बघतच राहिली. बाई मात्र हसली आणि बसली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं आणि काहीतरी बोलली. शिक्षिका सांगायला तयार होईना. शेवटी कळलं, आवाजावरून तिला मी पोरगी वाटले होते, ही तर म्हातारी निघाली. माय, मी खूप हसले, आणि मग बाहेर जाऊन रडले.

तुझाही एक डोळा लहानपणापासून अधू, आणि दुसरा असाच पांढरा होत चाललेला. तरी आपल्या आसगावच्या शेतातल्या बांधीत बोटांनी अंतर मोजत तू भात रोवायचीस, आणि तुझी ओळ डोळस बायांपेक्षा सरळ यायची. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तू हॉस्टेलच्या दारात उभी आहेस, शेजारच्या काकूंचा हात धरून, पायाला वाळलेला चिखल. म्हणतेस, "आवंदा रोवणीले येत नाही म्हणून बायांले सांगून आली मी. तुया दवाखान्यात डोया करून दे." आणि मी म्हणते, "अजून पिकला नाही. रोवणीनंतर करू." गावात सगळे तसंच समजायचे, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये. पण तसं थांबायची गरज नसते, हे मला त्याच महिन्यात वर्गात शिकवलं होतं. तू म्हणालीस, "तू शिकलेली आहेस, तुले समजते," आणि आल्या पावली परत गेलीस. दिवाळीच्या आधीच डोळ्यात कळा सुरू झाल्या. आतला दाब वाढला होता, डोळ्याची नस गेली होती. शस्त्रक्रिया करूनही उपयोग झाला नाही.

गावातल्या बाया विचारायच्या, पोरगी दवाखान्यात असून असं काहून झालं? तू प्रत्येकीला सांगायचीस, "मायाच मनात नव्हतं. रोवणी सोडून कोण जाते?" बाबांनाही तेच सांगितलंस. मी शेजारी बसून भाजी चिरत असायचे. तू मला एकदाही काही विचारलं नाहीस, उलट माझ्या ताटात जास्तीचं वाढत राहिलीस.

दवाखान्यातल्या डोळ्यांच्या वॉर्डात माझ्याबरोबर शिकणाऱ्या शहरातल्या मैत्रिणी होत्या. तू त्यांच्यासमोर मोठ्यानं मले-तुले करत बोलशील, याची मला लाज वाटली होती, माय. तुला परत पाठवायला बाकी काही कारण नव्हतं. हे लिहून टाकलं, कारण लिहिणं सोपं आहे. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात आजही नाही.