दोन मजले, एकच यादी

३ तारीख, सोमवार. सकाळी ९.१०
हॉस्पिटलचे पलंग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी आता समन्वयक! वरच्या मजल्यावर विक्रीवाले: माल आजच पाठवा. खाली तपासणीवाले: प्रत्येक चाकाचा ब्रेक तपासल्याशिवाय पलंग हलणार नाही. दोन्ही प्रमुखांनी सहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. साहेब म्हणाले, कुठला माल कधी जाणार याची दोघांच्या सहीची एकच यादी महिनाअखेर आणा, कायम करतो. महिना कशाला? आठवडा पुरे.
बायको म्हणाली, तुझं तुला तरी कधी काही ठरवता येतं का? मत्सर.

५ तारीख
विक्रीच्या मॅडम तासभर बोलल्या. म्हणालो, तुमचंच बरोबर. खाली तपासणीचे भिंगकाका (खिशात कायम भिंग) तासभर बोलले. म्हणालो, तुमचंच बरोबर. दोघंही खूश. एवढं सोपं होतं!

११ तारीख
एका यादीवर दोघं सह्या करीनात. अडाणी लोक. म्हणून दोन याद्या केल्या. वरच्या यादीत चाळीस पलंग गुरुवारी रवाना. खालच्या यादीत तेच चाळीस पंधरा दिवस तपासणीत. दोन्हींचा मथळा: ‘एकच यादी’. वरचे खाली येत नाहीत, खालचे वर जात नाहीत. डोकं लागतं.

१३ तारीख, गुरुवार
मॅडमचा ट्रक दारात, भिंगकाकांचं कुलूप गोदामाला. दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, मी तुमच्याच बाजूचा, पण समोरचं माणूस फार हट्टी हो. दोघांनीही चहा पाजला. माझ्या नव्या व्हिजिटिंग कार्डाचा कागद पसंत केला. जाड.

१७ तारीख
वरचं चहाचं मशीन बंद पडलं. किरकोळ.

१८ तारीख. दुपारी ४
मॅडम चहाला खाली गेल्या. समोर भिंतीवर खालची यादी. भिंगकाकांनी चक्क खुर्ची दिली म्हणे. दोन तास दार बंद. आतून हसण्याचा आवाज. माझ्या मेहनतीचं चीज झालं! मध्येच माझं नाव ऐकू आलं. मग आणखी हसले.

१९ तारीख, बुधवार
दोघं मिळून साहेबांकडे गेले. एक कागद, दोन सह्या: रोज दहा तपासायचे, तेच दहा पाठवायचे. हे तर पाचवीतल्या पोरालाही सुचलं असतं.
साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. म्हणाले, सहा वर्षांत दोघांचं कशावरही एकमत नव्हतं, तुमच्यावर झालं. आता ते थेट बोलतात, मध्ये माणूस नको. शुक्रवारी टेबल रिकामं करा.
घरी सांगितलं, काम मुदतीआधी फत्ते. बायकोनं मान वर न करता विचारलं, मग उद्यापासून डबा नको ना?
शनिवारपासून, मी म्हणालो.