वैशाखात सोले-वांगे

१४ मे, संध्याकाळ

आज सासूबाईंनी सोले-वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. दोनदा. हे लिहून ठेवायलाच हवं.

फ्रीजमधलं म्हणजे शिळं, असा त्यांचा कायदा. म्हणून भर उन्हाळ्यात रोज बाजारातून महाग भाजी आणायची, तीही कोमेजलेली. गेल्या वर्षी मी सोले, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, कच्चेच गोठवले, तर ते काळे पडले. शेवटी शेळीपुढे टाकले. "शेळीनं बी तोंड फिरवलं," हे मग वर्षभर ऐकलं. या हिवाळ्यात मात्र आपल्याच शेतातले सोले दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकले, लगेच गार पाण्यात काढले, जुन्या धोतरावर कोरडे केले आणि मगच पिशव्या भरल्या.

न सांगता वाढावं का? आलं होतं मनात. पण राहवेना. "आई, हे पौषातले सोले आहेत. फ्रीजमधले."

त्यांनी घास हातातच धरला. मग खाल्ला. "हिरवेच राह्यले वं," म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. थोड्या वेळानं पुन्हा केली.

अजून नऊ पिशव्या आहेत. जूनपर्यंत भाजीबाजाराच्या अर्ध्या चकरा वाचल्या.

आत्ता त्या कुंपणापाशी शेजारच्या काकूंना सांगतायत, "आमच्या घरी वैशाखात सोले हायेत. सुनेले मीच ठेवाले लावले होते."

बरं, तुम्हीच. येत्या हिवाळ्यात अर्धं पोतं शेंगा त्यांच्यापुढेच सोलायला ठेवते.