प्लॅस्टिकला डावं-उजवं नसतं

प्रिय बारके,

परवा फोनवर तू म्हणालीस, "हात गेला माझा, ताई. नेम धरते तिथे बाण लागतच नाही. निवड चाचणीला जात नाही मी. क्रॉसबो विकून टाकते." तेव्हा मी नुसतं "बघू, बघू" करत राहिले, कारण बाबा शेजारीच बसले होते. गुडघे कुरकुरतात त्यांचे, पण कान अजून सशाचे आहेत. म्हणून हे पत्र. तू दुरुस्तीला पाठवलेली बाणांची पेटी पोचली. क्रॉसबो आत्ताच विकू नकोस, आधी हे शेवटपर्यंत वाच.

इकडे कारखाना नेहमीसारखा. मी बाणांच्या दांड्या कापते, टोकं बसवते. मागची पिसं लावायची ती बाबांनीच. त्यांच्या टेबलाला अजूनही मला हात लावू देत नाहीत. मागच्या आठवड्यात दुकानदार प्लॅस्टिकच्या पात्यांचं पाकीट घेऊन आला. म्हणाला, "काका, हल्ली सगळे पिसांऐवजी हीच मागतात. भिजत नाहीत, विस्कटत नाहीत, सगळी एकासारखी एक." बाबा म्हणाले, "एकासारखी एक बटणंही असतात. शर्टाला लाव." बिचारा पाकीट तिथेच टाकून चहा न घेता गेला.

खरं सांगू का, त्याचं अगदीच काही चुकत नाही. पीस हलकं, कुठे घासलं तर मान तुकवून पुढे निघतं, बाणाला सांभाळून नेतं. पण ओलं झालं की पार लोळागोळा. प्लॅस्टिक जड, अडेलतट्टू, पण त्याला ऊन काय नि पाऊस काय. मी हे बाबांसमोर एकदाच बोलले. दोन दिवस त्यांनी मला "दुकानदारीणबाई" म्हणून हाक मारली.

आपल्या लहानपणीचे ते दोन डबे आठवतात? डाव्या पंखाची पिसं एकात, उजव्या पंखाची दुसऱ्यात. एकाचा बाक इकडे, दुसऱ्याचा तिकडे. बाणावरची तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, नाहीतर दोन त्याला एकीकडे फिरवतात, तिसरं उलटं ओढतं आणि बाण दारुड्यासारखा झुलत जातो. आपण डोळे फाडफाडून बघायचो तरी चुकायचो. बाबा डोळे मिटून अंगठा फिरवायचे. "हं, डावं." तू त्यांना फसवायला तेच पीस पुन्हा पुन्हा हातात द्यायचीस. शेवटी म्हणायचे, "बारके, माझ्या अंगठ्याला आता याचा कंटाळा आलाय." पहिलं पदक घेताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, "नेम माझा, पण पिसं बाबांची"? येणाऱ्याजाणाऱ्याला ते अजून ऐकवतात.

तो अंगठा आता बधिर झालाय, बारके. मध्यंतरी गरम इस्त्रीला टेकला, त्यांना पत्ताच नाही. वास आला म्हणून मीच हात ओढून काढला. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा गेल्यात, गेलेली जाणीव परत यायची आशा नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर नवीन दिसतोय." घरी आल्यावर पुन्हा टेबलाशी बसले, डोळे मिटून.

काल दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी तुझी पेटी उघडली. एकेक बाण खिडकीशी धरून पाहिला. बहुतेक बाणांवर दोन पिसं उजवी, एक डावं. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण बाबांच्या हातचं आपण कधी तपासलंय? तुझा हात कुठेही गेलेला नाही. तू चाचणीला जायचंस. पण मी बाबांना हे सांगू शकत नाही, आणि तूही सांगू नकोस. तू त्यांना फोन कर. म्हण, मैदान उघड्यावर आहे, भरवसा नाही हवेचा, मला प्लॅस्टिकचीच पाती हवीत, पण लावायची तुम्हीच. प्लॅस्टिकला डावं-उजवं नसतं. पातं चिमट्यात धरायचं नि चिकटवायचं, अंगठ्याला काही विचारावं लागत नाही. ते ओरडतील. पदकाच्या वेळचं तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर फेकतील. तुला रडू येईल, तरी हट्ट सोडू नकोस. दुकानदाराचं पाकीट त्यांनी टाकून दिलेलं नाही, पिसांच्या डब्यांमागे ठेवलंय. काल पुसताना दिसलं. स्वतःच्या हातापुढे हरणं त्यांना सोसायचं नाही. धाकट्या लेकीच्या हट्टापुढे मात्र ते आजवर हरतच आलेत.

बाबांचा आरडाओरडा ऐकायला आतुर असलेली,
तुझीच
ताई