लाल शाईचा गोल

तोत्तोरी, जपान
८ सप्टेंबर २०२४

ती. हेमाआत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी पोहोचून गेली आणि शाळापण सुरू झाली! तुझी अट होती ना, फोनवर कितीही बोल पण महिन्याला एक पत्र मराठीत, हातानं लिहून, पोस्टानं. तर हे घे पहिलं. बाबा मला पाठवायला तयार नव्हते. पोरगी एक वर्ष इंग्रजी शिकवेल आणि जुलैत घरी, असा शब्द तू दिला म्हणून मी इथे आहे. अट तर पाळावीच लागेल, चलो.

इथे शाळेत शिरलं की बाहेरचे जोडे काढून आतले घालायचे. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं की इंडियात शाळेत हत्तीवर बसून जातात का. मी सांगितलं, ऑटोनं जातात. बिचारे फार निराश झाले. दुपारी मुलंच पांढऱ्या टोप्या घालून सगळ्यांना जेवण वाढतात आणि टीचर त्यांच्यासोबतच जेवतात. मासे असतात म्हणून मी माझा डब्बा नेते. एका मुलीनं, होनोका तिचं नाव, हिंमत करून तू दिलेली शेंगदाण्याची चटणी चाखली आणि दुधाच्या दोन बाटल्या संपवल्या! मग सगळी शाळा मिळून फरशी पुसते. हेडमास्तरसुद्धा पोछा मारतात, बाबांना जरूर सांग.

मला इथे खूप चांगलं लागतं. आईला नमस्कार.

तुझी लाडकी (आहे ना अजून?),
प्रणोती

*

गोरखपूर, जबलपूर
२६ सप्टेंबर २०२४

चि. प्रणोतीस हेमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी आनंदानं वाचलं, मग लाल पेन घेऊन वाचलं. तुझंच पत्र सोबत परत पाठवून राहिली. एकतीस गोल आहेत, मोजून घे. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि घरची पोरगी "पोहोचून गेली" लिहिते! अगं, सा. न. वि. वि. नगरपालिकेच्या साहेबाला लिहितात. आत्याला शि. सा. न. वि. वि., शिरसाष्टांग नमस्कार. आणि गाव चांगलं वाटतं. चांगली लागते ती खोव्याची जलेबी. हे हिंदीतलं "अच्छा लगता है" तुझ्या मराठीत काहून घुसलं?

तुझा बाप फॅक्टरीतून आला की आधी विचारतो, जपानचं काही आलं का. पत्र मी वाचून दाखवते. तो खिशातलं निळं पेन काढून कॅलेंडरवर एक दिवस खोडतो. जुलैपर्यंत अशीच खोडाखोड चालायची आहे. मनातून खूश आहे, पण तोंडानं कबूल करेल तो माझा भाऊ आनंद कसला. हेडमास्तरच्या पोछ्यावर मात्र दोन दिवस हसला.

जेवणाची आबाळ करू नकोस. चुका कमी कर, पत्रं कमी करू नकोस.

तुझी
हेमाआत्या

*

तोत्तोरी
१७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. हेमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग घातलाय, बघ!)

आत्या, तू स्वतः "काहून" लिहितेस आणि माझ्या चुका काढतेस? पण आधी ऐक. माझ्याकडून इतकी मोठी गडबड झाली की सांगायलाच पाहिजे.

मी मुलांची पहिली परीक्षा घेतली, दहा शब्दांची. आपल्याकडे करतात तसं लाल पेननं बरोबर उत्तराला बरोबरची खूण केली आणि चुकलेल्याला गोल. वह्या वाटल्या तर सगळ्यांची तोंडं उतरली. ज्याचे नऊ चुकले होते तो एकटा नाचत होता! होनोकाचे दहाच्या दहा बरोबर होते. दुसऱ्या दिवशी तिनं वही परत आणली, तर दहाही उत्तरं रबरनं खोडून तिथे दुसरंच काही लिहिलेलं. सगळंच चुकीचं. मला काही कळेना. शेवटी माझ्यासोबत शिकवणाऱ्या इशिगामी सेन्सेईंनी सांगितलं (सेन्सेई म्हणजे गुरुजी) की इथे सगळं उलटं आहे. गोल म्हणजे बरोबर, आणि आपली बरोबरची खूण म्हणजे चूक!

आत्या, मला रडूच आलं. मी वर्गासमोर वाकून माफी मागितली. बाकीची मुलं हसली, पण होनोका तेव्हापासून माझ्या तासाला तोंड उघडत नाही. चटणी खाणारी पोरगी गं ती!

आणि गंमत म्हणजे तू परत पाठवलेलं पत्र माझ्या टेबलावर होतं. इशिगामी सेन्सेईंनी ते लाल गोल पाहिले आणि उठून माझं अभिनंदन केलं. एकतीस! घरचे किती कौतुक करतात, म्हणाले. मी खरं सांगितलंच नाही. फारच छान काम असलं तर इथे गोलाला पाकळ्या काढून फूल करतात. त्याला हानामारू म्हणतात. तू मला आजवर असं एकही फूल दिलं नाहीस, याची नोंद घ्यावी.

बाबांना नमस्कार, आईला पापा, आणि तुझ्या लाल पेनला दोन दिवसांची रजा.

प्रणोती

*

गोरखपूर, जबलपूर
८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणोतीस अनेक आशीर्वाद.

हसून हसून पोटात दुखलं गं! पोस्टातल्या नीलकंठलाही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, दीदी, मी जपानमध्ये शिकलो असतो तर बोर्डात पहिला आलो असतो. आणि "काहून" ही चूक नाही, ते माझं माहेर आहे. त्याला गोल बसत नाही.

पण त्या होनोकाचं वाईट वाटलं. शिक्षकाच्या हातून असं होतं. माझ्याही हातून झालं आहे, आणि एक "माफ कर" म्हणून भागत नाही. रोज तिच्यासाठी थोडं थांब. ती बोलली नाही तरी तिला विचारणं सोडू नकोस.

दिवाळी तुझ्याविना फिकी गेली. आनंदनं तुझ्या वाटचा अनारसा डब्यात ठेवून दिला, कोणाला हात लावू दिला नाही. मला पुन्हा पुन्हा विचारतो, हेमा, जुलै म्हणजे जुलैच ना? मी म्हटलं, माझा शब्द आहे. लक्षात ठेव. या वेळी गोल अकराच.

वाट पाहणारी,
हेमाआत्या

*

तोत्तोरी
२ जानेवारी २०२५

ती. स्व. हेमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली. मधे दोन महिने पत्र चुकलं, त्याबद्दलही रागावू नकोस.

तू सांगितलं तसंच केलं. रोज शाळा सुटली की होनोकाच्या जोड्यांच्या कप्प्याजवळ थांबायचे, एक सोपा प्रश्न विचारायचे, ती मान हलवून निघून जायची. जवळजवळ महिनाभर! सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तीच थांबली. लालेलाल झाली, आणि इंग्रजीत तिनं मला विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही आहात का? आत्या, मोडकंतोडकं होतं, पण तिचं स्वतःचं वाक्य होतं! मी तिथेच उडी मारली. आणि म्हटलं, घरी विचारून सांगते.

शाळेनं कागद दिला आहे. महिनाअखेर सही करून सांगायचं, राहणार की जाणार. तुझा शब्द मला माहीत आहे. तो मोडायला लावते आहे, म्हणून लाज वाटते. फोनवर विचारलं तर बाबांचा आवाज ऐकून मी लगेच येते म्हणेन, म्हणून लिहून विचारते. तू नाही म्हणालीस तर जुलैत घरी येईन आणि तोंड फुगवणार नाही, अगदी खरं.

मला हे गाव चांगलं वाटतं ("लागतं" नाही लिहिलं!). मला आणखी एक वर्ष इथे राहायचं आहे.

स्पीड पोस्टानं कळव. तू जे लिहिशील ते मान्य.

प्रणोती

*

तोत्तोरी
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. हेमाआत्यास आणि ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट आज शाळेच्या पत्त्यावर आलं. घाईघाईनं फाडलं. आत तुझं पत्र नाही, माझंच परत आलेलं! सगळं चाळलं, एकही चूक काढलेली नाही. फक्त एका वाक्याभोवती, "मला आणखी एक वर्ष इथे राहायचं आहे" याच्याभोवती, मोठा लाल गोल.

आत्या, तुझा गोल मी लहानपणापासून ओळखते. मनाशी म्हटलं, संपलं, बांध सामान. इशिगामी सेन्सेई शेजारीच होते. त्यांनी कागद हातात घेऊन सरळ धरला आणि हसायला लागले. मग मला दिसलं. गोलाला पाकळ्या होत्या! पाच पाकळ्या. चार लाल, रेखीव, तुझ्या.

पाचवी वाकडी होती आणि निळ्या पेनची होती.

बाबा, मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. कॅलेंडरवर आता आणखी किती दिवस खोडावे लागतील, हे ठाऊक असून तुम्ही ती पाकळी काढलीत. ऑगस्टच्या सुट्टीत पंधरा दिवस घरी येतेच आहे. अनारसा दगड झाला असला तरी मीच खाणार.

कागदावर सही केली. मग जोड्यांच्या कप्प्यांपाशी जाऊन उभी राहिले. होनोका आली. मी तुमचं फूल तिला दाखवलं. मराठीचं तिला अक्षर कळत नाही, पण तिनं निळ्या पाकळीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, ही कोणी काढली? मी सांगितलं, माझ्या वडिलांनी.

आता चुका काढायला हरकत नाही. लाल पेन आणि निळं पेन दोन्ही माझ्यावर असंच असू द्या.

तुमची
प्रणोती