तुंब्यातलं पाणी

मूल गाव, मार्च १९५४, शुक्रवार संध्याकाळ

आज ती आली. ज्यानं आमच्या यांना कुऱ्हाडीनं मारलं, त्याची आई. जंगलातल्या गावाहून पायी. ओट्यावर बसेना. अंगणातच उभी राहिली आणि भोपळ्याचा तुंबा पुढे केला.

"बाई, माह्या हातचं पाणी प्या."

त्यांच्या गोंड लोकांत मेलेल्याच्या घरच्यांनी मारणाऱ्याच्या घरचं पाणी घेतलं की वैर संपतं, हे मला ठाऊक होतं. मी प्याले. क्रुसावरून प्रभूनं मारणाऱ्यांना क्षमा केली, मग मी कोण अडून बसणारी? पाण्याला तुंब्याची कडवट चव होती.

ती रडता रडता हसली. "आता सोडतीन ना माह्या पोराले? तुमी पाणी पेल्या, आता कोण लटकवते त्याले?"

काय सांगू तिला? दयेचा अर्ज केव्हाच फेटाळला. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या तुरुंगात फाशी आहे. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, क्षमा आपण करायची, शिक्षा सरकारनं. रविवारी हे ऐकून किती हलकं वाटलं होतं! आज तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. "येतो बाई" म्हणून ती आनंदानं गेली.

कितीदा चूळ भरली, तरी तो कडवटपणा जात नाही. मी पाणी घेतलं ते क्षमा केली म्हणून, की माझ्या पिण्यानं फाशी टळणार नाही हे पक्कं माहीत होतं म्हणून? माझ्या एका घोटानं तो खरंच सुटणार असता, तर मी तुंब्याला हात लावला असता का?

प्रभू, हे तू तरी मला विचारू नकोस.