वाचकांच्या यादीत गंगामणी

६ जाने., सोमवार

सकाळी परिपाठाला गंगामणीनं पेपरातली बातमी वाचली. दुसरीतलं एवढंसं पोरगं, पण काय खणखणीत! जोडाक्षराला पण अडखळत नाही. हेडसर माझ्याकडं बघून हसले. पंचवीसला केंद्राची वाचन स्पर्धा, दुसरीतून हिचंच नाव.

माझ्या वर्गाचा तक्ता भरून दिला. एकोणीसच्या एकोणीस पोरं ‘वाचक’ रकान्यात, खाली माझी सही. सव्वीस वर्षं झाली नोकरीला. कुणाची टाप आहे बोट ठेवायची!

रेणापूरहून ह्यांचा फोन. हरभरा बरा हाय म्हणाले. माझी चौकशी शेवटी, नेहमीप्रमाणं.

८ जाने., बुधवार

नांदेडला प्रशिक्षण. धर्माबादहून जाऊन येऊन कंबरेचा भुगा. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणे, “मूल फाडफाड वाचतं म्हणजे त्याला वाचता येतं असं नाही. काय वाचलं ते विचारा. त्याच्या घरच्या भाषेत सांगू द्या.” बाई गं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी पोरं वाचती करून राहिले. (मनातल्या मनात म्हटलं. चहा चांगला होता.)

एक खेळ मात्र आवडला. चिठ्ठीवर काम लिहायचं, मुलानं वाचून ते करायचं. उद्या करून बघते.

९ जाने., गुरुवार

चिठ्ठ्यांचा खेळ केला. ‘खिडकी उघड.’ ‘बाईंचा खडू लपव.’ पोरं खूश. खडू अजून सापडलेला नाही.

गंगामणीला आली, ‘दारामागं जाऊन लप.’ तिनं मोठ्यानं वाचली आणि उभी राहिली. म्हटलं, लप की गं! तिनं परत वाचली, आणखी मोठ्यानं. दुसरी दिली, ‘पाटी पालथी ठेव.’ वाचली. उभीच. मी खेकसले, “नाटकं करती का?” तिचे डोळे डबडबले.

मग तिच्या शेजारची सुमन म्हणाली, “बाई, तिला लई मराठी कळत न्हाई. घरी तेलगू बोलतेत. ती माझं बघून बघून करती.”

बसा, उठा, पुस्तक काढा, एवढं कळतं तिला. पहिलीपासून माझ्या पुढ्यात बसती. गोड वाचती म्हणून मी कधी काही विचारलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाज वाटली. पोरीवर ओरडले त्याची जास्त.

१० जाने., शुक्रवार

हेडसरांना सांगितलं. स्पर्धेतून तिचं नाव काढू का म्हटलं.

“बाई, कशाला उकरून काढून राहिलात? पोरगी वाचती का न्हाई? वाचती. तिथं अर्थ कोण विचारतंय, घड्याळ लावतेत.”

खरं आहे. दोन वर्षांमागं परीक्षक म्हणून घड्याळ माझ्याच हातात होतं.

दुपारी तिचे वडील आले, सायलू. मोंढ्यात, मिरचीच्या बाजारात, हमाली करतात. सदऱ्याला मिरचीची धूळ, अख्खा वर्ग शिंकायला लागला. “म्याडम, मोंढ्यात सगळ्याला सांगून ठेवलंय. आमच्या घरात वाचणारी पयली हीच.” पंचवीसला खाडा करून येणार म्हणाले. आता ह्या माणसाला काय सांगायचं? नाव राहू दिलं.

१३ जाने., सोमवार

शाळा सुटल्यावर अर्धा तास. मी, गंगामणी, आणि पंच म्हणून सुमन. ती मला तेलगू शब्द देते, मी तिला मराठी. इल्लू म्हणजे घर. वाना म्हणजे पाऊस. माझे उच्चार ऐकून दोघी लोळायच्या बाकी. सगळ्यात आधी मला पाठ झालेला शब्द: तेलियदू. म्हणजे माहीत नाही. पोरगी तोच जास्त बोलते ना.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. आई दारात मिरचीचे देठ खुडत होती. खुंट्याला शेळी, शेजारी नुकतं झालेलं पिल्लू. गंगामणी म्हणाली, “मेकपिल्ला.” मी म्हटलं, “करडू.”

ती थांबली. आत पळाली, पुस्तक घेऊन आली, पानं उलटली आणि एका शब्दावर बोट. क-र-डू. कितीदा वाचला असेल तो! एक बोट शब्दावर, दुसऱ्या हातात करडाचा कान. “करडू! मेकपिल्ला! करडू!” आईनं काहीतरी विचारलं, तर तिनं ते अख्खं पान तेलगूत सांगितलं. आई खो खो हसली.

मला एकही शब्द कळला नाही. हसायचं म्हणून मी पण हसले. पोरगी दीड वर्षं वर्गात असंच करत असणार.

२१ जाने., मंगळवार

आज वाईट झालं. हेडसरांनी तालीम घेतली. गंगामणी दर ओळीला थांबते आणि विचारते, “बाई, म्हंजे?” पूर्वी मिनिटात पान संपायचं, आता निम्मं पण नाही.

“काय केलंत हो बाई! चांगली पळणारी पोर लंगडी केलीत.”

मलाही तीच भीती. तिचं एक येत होतं ते मी मोडलं की काय? सायलू तर रोज गेटवर थांबून विचारतात, “पयला नंबर येतंय न्हवं?”

त्यात दुपारी अवदसा आठवली. बाकीच्या अठरा पोरांनाही धडा वाचायला लावून काय झालं ते विचारलं. पाच-सहा जण खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांच्या घरी तर मराठीच आहे. आणि त्यांच्याही नावाखाली माझी सही.

२५ जाने., शनिवार

स्पर्धा. सायलू धुतलेला सदरा घालून, बरोबर दोन हमाल मित्र.

पुस्तक नवंकोरं, आधी न दाखवलेलं. उघडलं तर हरवलेल्या करडाची गोष्ट. मी देवाला हात जोडले. गंगामणीनं सुरुवात बरी केली. सावकाश, पण बरी. तिसऱ्या पानावर, ‘संध्याकाळ झाली. करडू कुठेच नव्हते.’

थांबली.

परीक्षक बाई म्हणाल्या, “वाच बाळा.” नाही. पान उलटलं. अजून एक. तोंड बंद, बोट ओळीवरून चाललेलं. लोक कुजबुजायला लागले, हेडसरांनी कपाळाला हात लावला. सायलू माझ्याकडं बघत होते, मी कुठं बघावं कळेना.

शेवटच्या पानावर बोट थांबलं. पोरीनं मान वर केली आणि एवढ्या माणसांतून मला ओरडून सांगितलं, “बाई, सापडलं! गाडीखाली झोपलंय!”

मग निवांत तिसऱ्या पानावर परत आली आणि मोठ्यानं वाचायला लागली. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच घंटी.

नंबर नाही. उत्तेजनार्थ पण नाही. मी रडत होते, सगळ्यांना वाटलं नंबर गेला म्हणून.

बाहेर सायलू म्हणाले, “म्याडम, चुकली का वो?” म्हटलं, “न्हाई, सायलूभाऊ. आज तिनं खरं वाचलं.” त्यांना काही पटलं नाही. तेवढ्यात गंगामणी त्यांचा हात ओढून करडाची गोष्ट सांगायला लागली, तेलगूत. रिक्षापर्यंत जाईतो ते मधून मधून “मरी? मरी?” करत होते. त्याचा अर्थ आता मला येतो. मग? पुढं?

२७ जाने., सोमवार

हेडसरांकडून तक्ता परत मागून घेतला. चूक झाली म्हटलं. “कुणाची?” “माझी.” त्यांनी कोरा कागद पुढं केला.

‘वाचक’ रकान्यात एक नाव लिहिलं. गंगामणी सायलू. बाकी अठरा ओळी कोऱ्या. हेडसर म्हणतात, असला तक्ता वर पाठवला तर चौकशी लागेल, तुमची पण आणि माझी पण. बरोबरच आहे त्यांचं. लागेल.

उद्या सुमनपासून सुरू करते. एकेकाला जवळ बसवून, वाचलेलं काय कळलं ते विचारत. सही अजून केलेली नाही.