मोटरसायकलच्या जादा दिव्यांबाबत

प्रिय दादांना साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला असेलच. तुमची बहीण मजेत, तुमचे बाबाही आमच्याकडे मजेत (असं ते स्वतः सांगतात, मी नुसतं पुढे पाठवतोय). माझं म्हणाल तर माणसांवरचा विश्वास उडत चाललाय.

माझी सध्या दुसरी पाळी. परत येताना कारखान्यामागच्या रस्त्यावर खड्डे आधी लागतात, मग दिसतात. म्हणून मोटरसायकलला पुढे दोन जादा दिवे बसवायचे ठरवलं. पहिल्या दुकानदाराने न मागता चहा मागवला, तेव्हाच मी सावध होऊन बाहेर पडलो. दुसरा ढुंकूनही बघेना, म्हणून त्याच्याकडून घेतले. मग वायरिंगवाला. तो म्हणाला, मध्ये रिले टाकू आणि जोडणी चावीवरून घेऊ, म्हणजे चावी काढली की दिवेही बंद. मी मनात म्हटलं, हा आता रिले गळ्यात मारणार. गाडी घरी आणली, तारा थेट बॅटरीला जोडल्या आणि हँडलवर बटण दिलं. (फ्यूज टाकलाय. तुम्ही विचारणार, ठाऊक आहे.) उजेड असा पडला की समोरचा कुत्रा उठून गेला.

आणि लगेच गाडीने असहकार पुकारला. दुपारी पाळीला निघावं तर बॅटरी उतरलेली. चार्ज करून आणावी, तर पुन्हा तेच. वायरिंगवाल्याने माझी बॅटरी जरा जास्तच निरखली होती, म्हणून त्याच्यावर अदलाबदलीचा आळ घेतला, तोही गिऱ्हाइकांसमोर. मग वरच्या मजल्यावरचा शेजारी. तो माझ्या गाडीजवळून जाताना शीळ घालतो. एक दिवस तर तुमच्या बहिणीवरही नजर ठेवली (हे तिला कळता कामा नये).

शेवटी एका सकाळी घोरण्याचं सोंग घेऊन पडून राहिलो. जिन्यात चपला वाजल्या तसा मागोमाग खाली उतरलो. पाहतो तर बाबा माझ्या मोटरसायकलवर बसलेले, दोन्ही दिवे समोरच्या भिंतीवर सोडलेले, आणि हाताने एक डोळा झाकून बघतायत. मग दुसरा झाकून. मी तावातावाने पुढे गेलो, पण त्यांचा चेहरा बघून काय झालं, एवढंच विचारलं.

"ऑपरेशन झालेल्या डोळ्याला नुसतं धुकं दिसतं," बाबा म्हणाले. "रोज वाटतं, आज निवळेल."

घरात का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"मुलगी रडत बसली असती, आणि तुम्ही डॉक्टरवर संशय घेतला असता."

दोन्ही अंदाज बरोबर होते. मी मागच्या सीटवर बसलो. आम्ही दोघं बराच वेळ त्या भिंतीकडे बघत होतो. बॅटरी उतरत होती, ती उतरू दिली.

वायरिंगवाल्याची माफी मागून आलो. त्याने लगेच माफ केलं, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. रिले अजून टाकून घेतलेला नाही.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना लाड.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. बाबा दुसऱ्या डॉक्टरांकडे यायला तयार झालेत, पण मुलगा बरोबर असेल तरच. एकटा जावई पुरत नाही म्हणतात. कंबर सांभाळून, पण लवकर या.

आणखी ता. क. येताना चारचाकी आणा. चालत्या मोटरसायकलवर माझ्यामागे बसायला बाबा साफ नाही म्हणतात. दिव्यांची जोडणी कोणी केली, असं त्यांनी सहज विचारलं, आणि मी खरं सांगून बसलो.